“पांढरो,” धुरीकाका म्हणाले

बदली होऊन मी जामसंड्याला आले त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी शाळेला निघताना अंगणात गाडी सुरू केली, तर शेजारचा बुटका दगडी गडगा ओलांडून एक गृहस्थ सरळ माझ्याकडे चालत आले. सत्तरीच्या आसपास वय, लुंगी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात चहाचा कप. नाव नाही, नमस्कार नाही. “गाडी बंद कर,” म्हणाले.

मी घाबरून बंद केली. त्यांनी कप माझ्या गाडीच्या टपावर ठेवला, मागे जाऊन उकिडवे बसले आणि सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून ते काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं.

“काळो धूर. जेवण जास्त आणि हवा कमी. हिका श्वास घेवक गावणा नाय. बॉनेट उघड.”

बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदराने काथ्या आणि चिंध्यांचं घरटं करून ठेवलं होतं. काकांनी ते दोन बोटांनी अलगद काढून पेरूच्या बुंध्याशी ठेवलं, जणू उंदीर परत न्यायला येणार होता. मला गाडी पुन्हा सुरू करायला लावली, मागे उभं राहून पाहिलं, मान हलवली, कप उचलला आणि आले तसे गेले. आभार मानायला मी तोंड उघडेपर्यंत ते पलीकडे पोचलेही होते.

थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी गडग्यापाशी आल्या. शैलाकाकी. एका वाटीत खोबऱ्याची बर्फी घेऊन. “रागावू नका हां बाई,” त्या म्हणाल्या, “धूर दिसलो की ह्येंका माणूस दिसणा नाय.”

वसंत धुरी जन्मभर बोटीवर होते. मासेमारीच्या नव्हे, मालवाहू जहाजांवर. इंजिन खोलीत खालच्या पायरीपासून सुरुवात करून चीफ इंजिनिअर होऊन निवृत्त झाले आणि जामसंड्याला वडिलोपार्जित जागेत घर बांधून राहिले. मुलगी लग्न होऊन परदेशी. निवृत्तीनंतर लोक कलमं लावतात, देवळाच्या कमिटीत जातात. यांनी घरामागे पत्र्याची मोठी शेड घातली आणि वेगाने पळणाऱ्या गाड्यांचा नाद लावून घेतला. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, बसवलेल्या, इंजिनाची ताकद वाढवून घेतलेल्या, घाटाच्या शर्यतीत उतरणाऱ्या गाड्या. कणकवली, कुडाळ, रेडी, अगदी गोव्यातूनही तरुण मंडळी आपल्या गाड्या घेऊन त्यांच्याकडे यायची. काका त्या दुरुस्त क्वचितच करायचे. बहुतेक वेळा फक्त धूर बघायचे आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचे. पुढचं काम मुलं आपापल्या मिस्त्रीकडून करून घ्यायची. आडनाव धुरी आणि धंदा हा, त्यामुळे गावात त्यावरून विनोद व्हायचे. काकांना ते ऐकून ऐकून पाठ झाले होते, आणि नवा माणूस तोच विनोद नव्याने करू लागला की ते शेवटचा शब्द त्याच्या आधी म्हणून टाकायचे.

धूर बघण्याची त्यांची रीत ठरलेली होती. गाडी आदल्या दिवशी आणून ठेवायची आणि सकाळपर्यंत कुणी किल्लीला हात लावायचा नाही. इंजिन पूर्ण गार पाहिजे. शेडच्या मागे चिऱ्याचा उंच बांध होता, पावसाने काळा पडलेला. गाडीची पाठ त्या बांधाकडे करायची, कारण पांढरा आणि निळा धूर काळ्या पार्श्वभूमीवर ओळखू येतो. काळा बघायचा असेल तर गाडी फिरवून आभाळाकडे. मालकाने स्टिअरिंगवर बसायचं आणि काका सांगतील तेवढंच करायचं. सुरू कर. थांब. रेस कर. सोड. एका बाजूला मान कलती करून ते बघत राहायचे, मग पुढे होऊन धुरात नाक घालायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. एखादा गवई सूर लागतो का बघतो तसे. मला ते ध्यान बघायला आवडायचं. सुट्टीच्या दिवशी मी चहा घेऊन गडग्यावर बसायचे.

त्यामुळे मलाही थोडंफार कळू लागलं. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे पाणी. सकाळच्या गारव्यात जी वाफ निघते ती वेगळी, ती हातभर लांब जाऊन विरते आणि इंजिन तापलं की थांबते. खरा पांढरा धूर थांबत नाही, तो जमिनीलगत रेंगाळतो. इंजिन गार ठेवणारं पाणी आतल्या जाळात गळत असलं की तो येतो, आणि त्याला गोडसर वास असतो. निळा म्हणजे ऑईल. इंजिनाच्या हलत्या भागांना वंगण म्हणून जे ऑईल असतं तेच जळतंय. “काळो धूर चैन,” काका म्हणायचे, “पांढरो आजारपण. निळो म्हणजे घरातलीच वस्तू जळता हा, आणि घरवाल्याक पत्तो नाय.”

ओंकारची आणि त्यांची ओळख काळ्या धुरावरूनच झाली. ओंकार विजयदुर्गाकडचा, आंब्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, तिशीतला. त्याच्याकडे डिझेलवर चालणारी एक लांबट गाडी होती. पुण्याहून तिच्या इंजिनाची सेटिंग बदलून आणली होती, मोठा टर्बो घातला होता. रस्त्यावर जोरात एक्सलेटर दाबला की मागे काळा लोट उठायचा, आणि ओंकारला त्याचा भारी अभिमान. काकांकडे आला तेव्हा त्याने तो लोट काढून दाखवला. काकांनी तो नीट बघून घेतला. त्याला जेवायला थांबवून घेतलं. काकींनी सुरमईचं सार आणि भात वाढला. ओंकारचा भात संपत आला की काका वाढायला सांगायचे. त्याने हात आडवा धरला तरी वाढायचे. भात ताटाबाहेर, टेबलावर, शेवटी ओंकारच्या पॅन्टवर पडला तेव्हा तो उठून उभा राहिला. काका शांतपणे म्हणाले की तुझ्या इंजिनाला तू रोज असंच जेवू घालतोस आणि वर लोकांना दाखवत फिरतोस. काकी मात्र चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, अन्न फुकट घालवलं म्हणून.

ओंकारने इंधनाची सेटिंग ठीक करून घेतली. काळा लोट गेला, गाडी आधीपेक्षा चपळ झाली. त्यानंतर तो त्या घरचाच झाला. महिन्यातून एका रविवारी सकाळी तो आणि त्याचे दोनतीन मित्र गाड्या घेऊन गावाबाहेरच्या सड्यावर जमायचे. चिऱ्याचा उघडा माळ, मधून एक ओसाड रस्ता, रहदारी नाही. काका गाड्यांमागे उभे राहून बघायचे. काकी डब्यातून घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ न्यायच्या आणि कांदा तिथेच ताजा चिरायच्या. त्यांना आणि डब्यांना घेऊन जायचं काम माझ्या छोट्या गाडीकडे होतं, कारण काकांच्या गाडीत मागच्या सीटवर टायर असायचे.

साथीच्या वर्षांत काका आजारी पडले. बरे झाले, पण वास गेला. तसा पुष्कळांचा गेला होता आणि पुष्कळांचा परत आला. काकांनीही आपला परत आला असं सगळ्यांना सांगितलं. एकदा काकी मला म्हणाल्या की काल दूध करपून घरभर वास सुटला होता आणि हे तिथेच पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, वाचनाची तंद्री असेल. काकी म्हणाल्या, असेल. त्याच सुमाराला शेडमध्ये आणखी दोन ट्यूबलाइट लागल्या. काका म्हणायचे, हल्ली करंटच कमी येतो.

आता त्या रविवारबद्दल.

जानेवारीतली कोवळ्या उन्हाची सकाळ होती. ओंकारची गाडी आदल्या संध्याकाळीच सड्यावर आणून ठेवलेली होती, काकांच्या नियमाप्रमाणे गार. ती अलीकडे सुरू करताना धूर टाकू लागली होती, म्हणून तोच दिवस धरला होता. पुढच्या आठवड्यात त्याला शर्यतीला जायचं होतं. मी माझी गाडी लांब सावलीत लावून डिकीतून डबे काढत होते. काकी पुढे गेल्या होत्या. मागून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, मग काकांचा. सुरू कर. थांब. रेस कर. सोड. नेहमीचंच. मग ते स्पष्ट म्हणाले, “पांढरो.”

पुढचं संभाषण मला नंतर कळलं. काका म्हणाले, पाणी जातंय, ते अडवणारं हेड गॅस्केट गेलं असणार, घाबरण्यासारखं काही नाही, पाणी भर आणि हळूहळू शेडपर्यंत घेऊन चल. काकी चटई अंथरत होत्या, त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, “माका निळसर दिसता हां.” काका हसून म्हणाले, ऊन समोरून पडलंय म्हणून तसं वाटतं. काकी पुन्हा चटईकडे वळल्या.

ओंकारने पाणी भरलं आणि गाडी निघाली. मी डबे घेऊन चटईपाशी पोचले तेव्हा ती थोडं अंतर गेली होती. तेवढ्यात आवाज बदलला.

तो आवाज मला अजून शब्दांत सांगता येत नाही. इंजिन चढत गेलं. कुणी एक्सलेटर दाबल्यावर चढतं तसं नाही, कारण दाबणारा पाय सोडतो, दम घेतो. हे दमच घेत नव्हतं. गाडी उभी राहिली, ओंकारने ब्रेक मारला असावा, पण आवाज वर वर जात शिट्टीसारखा झाला, आणि गाडीच्या मागून धुराची भिंत उठली. एका क्षणात अर्धा रस्ता दिसेनासा झाला. ओंकार दार उघडून बाहेर आला, त्याच्या हातात किल्ली होती. किल्ली बाहेर होती आणि इंजिन किंचाळत होतं.

त्याचे मित्र लांब पळाले. पळणंच बरोबर होतं. डिझेल इंजिनाला जळायला ठिणगी लागत नाही. टर्बोतलं सील फुटलं की आतलं ऑईल हवेच्या वाटेने खेचलं जातं आणि इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागतं. मग किल्ली काढा, डिझेल तोडा, ते थांबत नाही. स्वतःचंच ऑईल पीत वेग वाढवत जातं आणि शेवटी फुटतं. लोखंडाचे तुकडे बॉनेट फाडून बाहेर येतात. हवा बंद करणारी एक झडप कंपनीने दिलेली असते, पण ताकद वाढवताना ती ओंकारने काढून टाकली होती. हे सगळं मला नंतर समजलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की सगळे या बाजूला पळतायत आणि सत्तरी ओलांडलेला एक माणूस त्या बाजूला पळतोय.

जाता जाता त्यांनी काकींसमोरची कांदा चिरायची लाकडी फळी उचलली. कांद्याच्या फोडी चटईवर उडाल्या. ओंकारने बॉनेट उघडलं होतं आणि अंगातला शर्ट काढून तो हवेच्या नळीच्या तोंडाशी नेत होता. कापड त्या ओढीत आत गेलं असतं, कदाचित त्यामागून बोटंही. काकांनी त्याला खांद्याने बाजूला लोटलं. “हात नको! हात काढ!” एवढंच ऐकू आलं. अर्धवट निसटलेला वरचा फिल्टर त्यांनी उपटून फेकला आणि फळी नळीच्या तोंडावर दाबली. अंगाचा सगळा भार देऊन ते त्या इंजिनावर ओणवे झाले होते आणि धुरात कमरेपासून वर दिसत नव्हते. काकी माझा दंड धरून उभ्या होत्या. त्यांची नखं रुतली होती हे मला संध्याकाळी कळलं.

इंजिन गुदमरलं. एकदा, दोनदा हिसके दिले आणि गाडी पूर्ण हादरून बंद पडली.

त्यानंतर जी शांतता झाली तिच्यात सड्यावरच्या टिटव्यांचा आवाजही मोठा वाटला. काका फळी धरूनच उभे होते. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. ओंकारने त्यांना धरून मागे आणलं. ते एका चिऱ्यावर बसले, काकींनी पाण्याची बाटली हातावर रिकामी केली. काका हाताकडे बघतच नव्हते. समोर रस्त्यावर धूर अजून तरंगत होता, त्याच्याकडे बघत होते.

“धूर कसलो तो?” त्यांनी विचारलं.

ओंकार आणि त्याचे मित्र एकमेकांकडे बघू लागले.

“ओंकार. तुका कसलो दिसता?”

“निळो, काका.”

त्यांनी त्याच्या मित्रांकडे बघितलं. त्यांनी माना हलवल्या. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, निळा. इतका निळा की चित्रात काढला तर खोटा वाटेल. शेवटी काकींकडे बघितलं. त्यांचं उत्तर आधीच देऊन झालं होतं.

काकांनी पुन्हा त्या धुराकडे बघितलं. मग म्हणाले, “माका पांढरो दिसता. आता, ह्या घडीक सुद्धा पांढरोच दिसता.”

आयुष्यात मी माणसांना वाईट बातम्या ऐकताना पाहिलंय. पण एखाद्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवरून अशी बातमी कळताना तेवढं एकदाच पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मघाशी उसळत्या इंजिनावर ओणवा झालेला माणूस आता चिऱ्याची कड धरून बसला होता.

मग त्यांनी ओंकारला विचारलं की सुरू केलीस तेव्हापासून तुला निळाच दिसत होता का. ओंकार म्हणाला, आरशात निळाच दिसत होता. “मगे बोललंस कित्याक नाय?” काकांनी विचारलं.

“तुमी पांढरो म्हटलास,” ओंकार म्हणाला, “माका वाटला, माझाच चुकता हा.”

काका त्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. निळा असता तर मी तुला किल्लीला हातही लावू दिला नसता, टोचन करून नेली असती, एवढं बोलले आणि उठून माझ्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. घावणे कुणी खाल्ले नाहीत.

हाताला पट्टी बांधून झाली. मला वाटलं आता शेडला कुलूप लागेल आणि हा माणूस घरात बसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काका लुंगीऐवजी पॅन्ट घालून तयार आणि काकी चप्पल घालतायत. काका म्हणाले की गेल्या वर्षभरात ज्यांच्या ज्यांच्या गाडीचा धूर मी बघितला त्यांच्याकडे जायचंय. काकींकडे बोट करून म्हणाले, रंग ही सांगणार. मी विचारलं, फोन केला तर नाही का चालणार? ते म्हणाले, फोनवर धूर दिसत नाही आणि तोंडही दिसत नाही.

आणि ते खरोखर गेले. रिक्षाने, एसटीने, कधी माझ्या गाडीने. प्रत्येकाच्या दारात उभं राहून काका आधी तेच सांगायचे: माझे डोळे बिघडलेत, नाकही काम करत नाही, ते मी लपवलं, मी तुला जे सांगितलं ते चुकलेलं असू शकतं. मग गाडी सुरू करायची आणि काकी बघायच्या. सुरुवातीला त्या लाजायच्या. “निळो नाय, पांढरो नाय, जरासो मळको,” असं काहीतरी म्हणायच्या. काका विचारायचे, मळका म्हणजे राखेसारखा की गढूळ पाण्यासारखा? उन्हात काय रंग, सावलीत काय? वास कसला, गोड की करपट? काकी नीट बघू लागल्या, नीट हुंगू लागल्या. जन्मभर चुलीशी काढलेल्या बाईला धुरातला फरक सांगायला वेळ लागला नाही. बहुतेक गाड्या ठीक निघाल्या. एकाने काकांच्या सांगण्यावरून इंजिन उगाच उघडलं होतं. तो चांगलाच बोलला, आणि काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

एका गाडीने मात्र त्यांची झोप उडवली. आमच्याच शाळेची मुलं ने-आण करणारी एक व्हॅन होती, डिझेलवरची. तिच्या चालकाने दिवाळीत सहज दाखवली होती आणि काकांनी सकाळची वाफ आहे म्हणून सोडून दिली होती. काकींनी धूर बघितला आणि ताबडतोब, न विचारता म्हणाल्या, “बंद करा ती. निळो आसा.” व्हॅनचा टर्बो उघडला तेव्हा आत सगळीकडे ऑईल पाझरलेलं होतं. ज्या रस्त्यावरून ती रोज उतरायची तो उतार मला माहीत होता. त्या दिवशी मी वर्गात हजेरी घेताना एकेका नावाला अडखळत होते. काका त्या संध्याकाळी शेडमध्ये बसून राहिले होते, दिवे न लावता. काकी बोलवायला गेल्या तर म्हणाले, “पोरा होती गो त्येच्यात.”

कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी त्यांना घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगलाच पिकलेला. डॉक्टरांनी समजावलं की हे भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत जातं आणि निळा रंग आत येऊच देत नाही. हे इतकं सावकाश होतं की माणसाला आपण काही गमावतोय हे कळतच नाही. काकांनी विचारलं, साधारण किती वर्षं झाली असतील? डॉक्टर म्हणाले, ते आता सांगता येणार नाही. परतताना काका गाडीच्या काचेतून बाहेर बघत होते. कोणत्या कोणत्या वर्षातले कोणते कोणते धूर ते मनात पुन्हा बघत असावेत.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. पट्टी निघाली त्या सकाळी मी बघायला गेले तर काका पडवीत बसले होते आणि एकदा हा डोळा, एकदा तो डोळा मिटून सगळ्या घराकडे बघत होते. मला म्हणाले, या डाव्या डोळ्याने बघितलं की घर चहात बुडवल्यासारखं दिसतं. तेवढ्यात काकी बाहेर आल्या. काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

“ही साडी नवीन?”

“नवीन खंयची! गेल्या दिवाळीक तुमीच नाय हाडलास?”

“मी राखाडी हाडलेलंय.”

“निळी आसा ती,” काकी म्हणाल्या. “माका वाटला, माका आवडता म्हणान हाडलास.”

काकी आत गेल्या. चहा गाळताना त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या की दुसरं काही होतं, ते मी विचारलं नाही.

ओंकारची गाडी उभी करायला दोन महिने लागले. नवा टर्बो, आतली सगळी साफसफाई, आणि काकांनी अट घातल्यामुळे ती काढून टाकलेली झडपही परत बसली. शर्यत हुकली होती. धूर बघायला ओंकार आता आला की आधी काकींना हाक मारायचा, मग काकांना. दोघांनी वेगवेगळा रंग सांगितला तर गाडी सुरू करायची नाही, असा त्या शेडचा नवा नियम झाला. काका काकींशी वाद घालायचे आणि बहुतेक वेळा हरायचे. हरल्यावर त्यांना आनंद व्हायचा हे मी स्वतः पाहिलंय.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं नाही. कुडाळला पोचल्यावर बाकावर नंबराची वाट बघत असताना काकांना छातीत कळ आली. डॉक्टर धावले, सगळं केलं, पण काही चाललं नाही. काकींनी बाहेरगावी असलेल्या ओंकारला फोन केला आणि त्याने मला शाळेत केला, तेव्हा मधली सुट्टी होती. फोन ठेवून मी मुलांना डबे खा म्हणाले आणि तशीच उभी राहिले, कारण त्या दिवशी सकाळीच तर मी त्यांना जाताना बघितलं होतं.

मला शाळेत सुट्टी मिळाली नव्हती, ओंकार कोकणातून बाहेर आंबे पोचवायला गेलेला. म्हणून काकी गाडी चालवणार होत्या. गेले दोन महिने ओंकार त्यांना सड्यावर गाडी शिकवत होता, हे काकांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्या सकाळी काकी स्टिअरिंगवर जाऊन बसल्या तेव्हा काका दाराचं हँडल धरून नुसते उभे राहिले. मग फिरून दुसऱ्या बाजूला गेले आणि बसले. मागच्या सीटवरचे टायर काकींनी आधीच काढून ठेवले होते आणि तिथे पाण्याची बाटली, फळं आणि एक उशी होती. काकींनी पदर खोचला, आरसा आपल्याकडे वळवला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी एक हिसका देऊन बंद पडली. काकांनी तोंड उघडलं. काकी समोर बघतच म्हणाल्या, “एक शब्द बोलात तर चलत जावचा लागतला.”

काकांनी तोंड मिटलं. गाडी पुन्हा सुरू झाली आणि पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या वेगाने, आमच्या गल्लीतून निघाली. गडग्यावर हात टेकून मी बघत होते. वळणाशी एका म्हशीला वाट देऊन काकी थांबल्या, म्हैस गेली, तरी बराच वेळ थांबून राहिल्या. खिडकीतून काकांचा हात बाहेर आला, पट्टीच्या जागी नवी गुलाबी कातडी आलेला, आणि त्यांनी माझ्याकडे न बघता तो दोनदा हलवला, जहाजावरून धक्क्याला हलवतात तसा. मग काकींनी हॉर्न वाजवला, रस्त्यावर कुणीही नसताना, आणि गाडी वळली.